पावणेदोनचा हात

१

साती आसरांतली, पाण्यातल्या सात बहिणींतली, धाकटी नाहीशी झाली, हे इरम्माला आधी कानांनी कळलं. डोळ्यांनी कळायला बारवेत उतरावं लागलं असतं, आणि तिच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच पायऱ्यांशी वैर धरलं होतं.

उमरग्यात हायवेला लागून दवाखान्यांची एक गल्ली आहे. पुढं औषधांची दुकानं, सोनोग्राफीच्या पाट्या, ट्रकवाल्यांची चहाची टपरी. मागं, हिंमतरावांच्या अभ्यासिकेच्या भिंतीला खेटून, जमिनीत पन्नास पायऱ्या खोल गेलेली जुनी बारव. भर दुपारी बारा ते एक तिच्या काठानं कुणी फिरकत नाही. भुताखेतांवर आपला विश्वास नाही असं मोठ्यांदा सांगणारी, डॉक्टर व्हायला निघालेली पोरंसुद्धा त्या तासाला लांबच्या वाटेनं मेसला जातात आणि उन्हाचं कारण सांगतात.

इरम्मा बारवेची राखण करायची. रोज सकाळी वरच्या पायरीवर बसून हाक द्यायची, "आले गं बायांनो." बारव ती हाक सात वेळा परत द्यायची. सहा जाड आवाजात, सातवी बारीक. माघातल्या त्या बुधवारी सहाच आल्या. इरम्मानं पुन्हा हाक दिली. पुन्हा सहा. तिनं तडक मणियारांच्या बांगड्यांच्या दुकानात फोन लावला.

मणियारांकडं अशासाठी, की दरसाल माघात एका शुक्रवारी आसरांना हिरवी काकणं भरायचा मान त्या घराचा. कुणी दिला, केव्हा दिला, हे विचारायच्या भानगडीत आजवर ना मशिदीतलं कुणी पडलं ना देवळातलं. यंदा आयुब मणियारांचे हात कापायला लागले होते, म्हणून त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, सतरा वर्षांच्या शाहिस्तानं, तो मान केला होता. पाच दिवसांपूर्वी. खाली उतरलेलं शेवटचं माणूस, सगळ्यांच्या माहितीत तरी, तीच.

ही शाहिस्ता सकाळी हिंमतरावांच्या अभ्यासिकेत पुस्तकात डोकं घालायची आणि संध्याकाळी दुकानात बायकांचे हात धरायची. माणसाचं तोंड ती विसरेल, मनगट विसरणार नाही. गेल्या वर्षी मुलींच्या खोल्यांतून घड्याळ चोरीला गेलं, तेव्हा तिनं जमिनीवरच्या काचेच्या एका तुकड्याचा बाक बघून बांगडीचं माप सांगितलं होतं, आणि मापावरून चोर. तेव्हापासून गल्लीत काही हरवलं की लोक पोलिसांआधी तिला गाठत.

"तू उतर," इरम्मा म्हणाली. "दिसलं ते खरं सांग. घाबरलीस तर घाबरले म्हण."

शाहिस्ता घाबरलेलीच होती. मोबाइलचा उजेड पुढं धरून ती एकेक पायरी उतरली. चाळिसाव्या पायरीवर एक हिरवी बांगडी पडलेली होती, अख्खी. पंचेचाळिसाव्या पायरीवर दुसरी. अगदी खाली, पाण्याच्या वर, तिसरी. तिनं त्या उचलल्या. तिन्ही ओल्या होत्या आणि तिन्ही तिनंच धाकटीला वाहिलेल्या होत्या.

कोनाड्यात सहा शेंदरी दगड ओळीनं जागेवर होते. त्यांच्या मागं, बिळासारख्या भोकात, धाकटीचा लिंबाएवढा दगड असायचा. मोठ्या सहाजणी तिची वाट अडवून बसल्यासारख्या का मांडल्यात, हे शाहिस्तानं लहानपणी अब्बांना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आता भोक रिकामं होतं.

"आले गं बायांनो," तिनं खालूनच हाक दिली.

सहा हाका पाण्यावरून आल्या. मग थोडा वेळ गेला आणि सातवी आली, बारीक आवाजातली. ती बारवेतून आली नाही. ती वरून, गल्लीच्या बाजूनं आली.

२

"सहा राहत न्हायत त्या," इरम्मा म्हणाली. तिचं माहेर सीमेपलीकडचं, आळंदच्या बाजूचं, आणि भीती वाटली की तिच्या बोलण्यात कानडी हेल यायचा. "सातवी न्हाय घावली तर दुसरी घेत्यात. काकणं भरल्यापासनं आठवा दिवस, शुक्रवार. दुपारी बारा. कुणाचं केस वाळंनात का, ते बघ, यव्वा. जिला धरलंय तिचं केस वाळत न्हायत."

कुणाचे केस वाळत नव्हते ते शाहिस्ताला माहीत होतं.

अभ्यासिकेच्या वर मुलींच्या खोल्या होत्या. तिथं जळकोटची राजनंदिनी राहायची, शाहिस्ताच्या शेजारच्या खुर्चीवरची. उमरग्यात आल्यापासून दोघींचा डबा एक होता. मंगळवारी दुपारपासून ती खाली आली नव्हती. रात्री दारातूनच, ओले केस टॉवेलात गुंडाळून, थंडी भरलीय म्हणाली होती.

आता दार उघडलं तर ती खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसलेली. केसांतून थेंब गळत होते. खाटेखाली पाण्याचं थारोळं होतं आणि खोलीला शेवाळाचा वास येत होता. शाहिस्तानं टॉवेल घेतला आणि खसाखसा पुसायला लागली. टॉवेल पिळून पाणी काढलं, पुन्हा पुसलं. बोटांखाली केस कोरडे होत आणि बघता बघता मुळापासून पुन्हा ओले होत, जणू आतून कुणी ओंजळीनं पाणी घालत होतं.

"डॉक्टर काय म्हणले?"

"पावडर दिली," राजनंदिनी म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. "शाहिस्ता, तू जा. मला झोपायचंय."

"नंदे, तू बारवेकडं गेलतीस का?"

"न्हाय."

शाहिस्तानं तिचा हात हातात घेतला. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा तो सुरकुतला होता. परवा बारा वाजता हा हात थंड पडणार, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला रडू आलं. पण रडून दगड सापडणार नव्हता. दगड कुणी नेला ते शोधायचं, तो जागेवर ठेवायचा आणि नंदीला सोडवायचं. दोन दिवस होते.

पहिला संशय सगळ्यांना यावा त्याच माणसाचा तिलाही आला. हिंमतरावांना बारवेवर स्लॅब टाकून पार्किंग करायचं होतं, आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नव्हतं. शाहिस्तानं सरळ जाऊन विचारलं.

"मी?" हिंमतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं पोरी, मला बारव बुजवायची असती तर सातही उचलले असते. एकच उचलून काय लोणचं घालू?"

बोलणं रास्त होतं. शिवाय टेबलावर पसरलेले त्यांचे पंजे शाहिस्ता बघत होती. कोनाड्यातल्या त्या भोकात हात घालायचा तर बांगडी भरताना मुडपतात तसा अंगठा आत मुडपून घालावा लागतो. तिचा, बांगडीच्या मापानं सव्वादोनचा, हात कसाबसा जायचा. हिंमतरावांची चार बोटंसुद्धा आत गेली नसती.

"पण एक सांगतो," ते आवाज खाली आणून म्हणाले. चेष्टा सरली होती. "कालपासून टाकीच्या जाळीत केस अडकतायत. हातभर लांब. सहा वेळा काढले. तुझा तो दगड लवकर शोध."

बाहेर पडताना तिनं जिन्याखालचा नळ बघितला. बंद होता. तरी त्याच्या तोटीतून एक लांब काळा केस हळूहळू खाली येत होता.

३

दिवसभर शोधून गुरुवारी उन्हं कलताना तिनं रणधीरला टपरीवर गाठलं. रणधीर हा गल्लीतला रीलवाला. पडकी देवळं, जुन्या विहिरी, दर्गे, काही सोडायचा नाही. मंगळवारपासून मात्र त्यानं एकही रील टाकलं नव्हतं, आणि हे त्याच्या बाबतीत आजारपणाचंच लक्षण होतं.

"दादा, मंगळवारी तू बारवेत उतरलास."

"कोण म्हणलं?"

"तुझ्या चपलेच्या पट्ट्यात शेवाळ वाळलंय. असलं शेवाळ उमरग्यात दुसरीकडं न्हाय."

रणधीरनं चपला खुर्चीखाली ओढल्या. मग गपचूप मोबाइल काढला. "डिलीट करायला गेलो, पण हात हुईना. तूच बघ. मी न्हाय बघत."

व्हिडिओ मंगळवारचा, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांचा. सुरुवातीला रणधीर आपलं नेहमीचं बोलतोय, मित्रांनो वगैरे. कॅमेरा पायऱ्यांवरून खाली जातो. कोरड्या दगडावर ओली पावलं दिसतात. इवलीशी, पाच बोटं स्पष्ट उमटलेली. वर येणारी. रणधीर गप्प होतो. कॅमेरा खाली, आणखी खाली, थेट पाण्याच्या काठापर्यंत जातो. खाली उतरणारं एकही लहान पाऊल नाही. पावलं पाण्यातून सुरू होतात. त्यांच्या शेजारी, एका बाजूला, मोठ्या पायांच्या चपलांचे पुसट ठसे आहेत आणि तेही वरच चाललेत.

"आवाज वाढव," रणधीर तिकडं तोंड फिरवून म्हणाला.

तिनं वाढवला. वरच्या पायऱ्यांकडून, कॅमेऱ्यामागून, लाडिक हाक आली. "आक्का."

"मला कुणी आक्का म्हणत न्हाय," रणधीर म्हणाला. "मी वर बघितलंच न्हाय. डोळे मिटून भिंत धरून आलो."

त्याच्या हातात जाड कडं होतं, मनगटात रुतलेलं, कधी न निघणारं. ते कडं घेऊन हात भोकात शिरला नसता. म्हणजे हाही नव्हे. आणि इरम्माचे गुडघे तिला दहा पायऱ्यासुद्धा उतरू देत नव्हते.

शाहिस्ता दुकानाकडं निघाली. डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. दगड कुणी खिशात घालून नेला नव्हता नुसता. त्याच्याबरोबर काहीतरी स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं, कुणाच्या तरी बाजूनं. मग ती बांगड्या का टाकत आली?

तिनं ओढणीच्या टोकाला बांधलेल्या तिन्ही बांगड्या काढल्या. काच कुठं चिरलेली नव्हती. फेकली असती तर फुटली असती. ओढून काढली असती तरी तडकली असती. त्या आपसूक गळल्या होत्या, खाली सोडलेल्या हातातून, दगडावर अलगद. बांगडी अशी गळते ती एकाच कारणानं. हाताला मोठी झाली म्हणून.

आणि मोठी बांगडी धाकटीला कुणी भरली होती? शाहिस्ता भर रस्त्यात उभी राहिली. मागून ट्रकनं हॉर्न दिला तरी तिला हलता येईना.

४

"अब्बा," ती दुकानात शिरून म्हणाली, "माझ्याकडनं चूक झालीय."

आयुब मणियार काउंटरमागं बसले होते. संध्याकाळचं गिऱ्हाईक अजून यायचं होतं. त्यांनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि बसायला स्टूल पुढं केलं.

"धाकटीला दरसाल पावणेदोनची भरतो आपण. यंदा मी दोनची भरली."

आयुबचे हात आधीच कापत होते. ते त्यांनी मांडीखाली घेतले.

"का?"

तिनं सांगितलं. काकणं भरायच्या आदल्या दिवशी राजनंदिनी दुकानात आली होती. पर्समधून एक लहान, जुनी, लाल बांगडी काढून म्हणाली होती, यंदा धाकटीला ह्या मापाच्या वाह. का म्हणून विचारलं तर डोळे भरून आले तिचे. शाहिस्तानं पुढं विचारलं नाही. मैत्रिणीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. लाल बांगडी मापाच्या दांड्यात घातली, दोन भरली. दोनच्या तीन हिरव्या काढून ठेवल्या. पाव इंचाचा तर फरक, त्यानं काय होतंय, असं वाटलं होतं.

आयुब खालच्या आवाजात बोलले.

"माझे पणजोबा पावणेदोनची भरायचे. आजोबा तेच, अब्बा तेच, मी तेच. बेटा, लेकरू वाढतं तशी बांगडी वाढते. ही वाढत न्हाय, म्हणून तिची वाढवायची न्हाय. दरसाल तेच माप द्यायचं, म्हणजे तिला ध्यानात राहतं की ती लहान हाय आणि लहान लेकरानं मोठ्या बहिणींना सोडून कुठं जायचं नसतं. हा दस्तूर. तू दोनची भरलीस म्हणजे तिला सांगितलंस, तू मोठी झालीस, आता जा."

"मला तुम्ही सांगितलं का न्हाय?"

"माप सांगितलं हुतं. कारण सांगितलं तर भरणाऱ्याचा हात कापतो. माझा उगाच कापत न्हाय."

शाहिस्ताला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली. इतकी वर्षं हा माणूस एकटा आपला पोरीएवढा बारीक हात त्या भोकात घालत आला होता.

"ती कुणाला धरून बाहेर पडते, अब्बा?"

"जो तिला आपली म्हणेल त्याला. मग शुक्रवारी मोठ्या सहाजणी येतात. धाकटी त्यांना सांगते, मला न्हाय, हिला न्या. तिची जागा भरते आणि ती मोकळी."

बाहेर सांजेची, मगरीबची अजान झाली. आयुबनी फडताळाच्या तळातून एक पुडकं काढून तिच्या हातात दिलं. आत पावणेदोनच्या तीन हिरव्या बांगड्या होत्या.

शाहिस्ताला आता चोर ठाऊक होता. मंगळवारी दुपारी बारवेत उतरणारी, सव्वादोनच्या हाताची, धाकटीची बांगडी वाढवून मागणारी, आणि जिला कुणीतरी कधीकाळी आक्का म्हणत होतं अशी गल्लीत एकच होती. जिला वाचवायचं होतं, तीच.

५

शुक्रवारी अकरा वाजता ती खोलीत गेली तेव्हा जिन्यापर्यंत पाणी आलं होतं. राजनंदिनी खाटेवर आडवी होती. तिच्या ओल्या केसांची एक बट सरळ खाली, खाटेखालच्या लोखंडी पेटीकडं ताणलेली होती. पेटीच्या फटीतून आत गेली होती. आतून कुणी ती धरून बसलं असावं तशी.

शाहिस्ताला मागं पळावंसं वाटलं. तिनं दाराची कडी लावली, स्वतःलाच पळता येऊ नये म्हणून.

"नंदे, दगड पेटीत हाय."

"न्हाय."

"तुझी बहीण कितवीत हुती?"

राजनंदिनीनं डोळे उघडले.

"दुसरीत," ती म्हणाली. "तुळजा. दोन वर्षं झाली. आमच्या रानातल्या शेततळ्यात गेली. प्लॅस्टिकचा कागद असतो, शाहिस्ता. पाय घसरला की वर येता येत न्हाय. मोठ्या माणसालाबी येत न्हाय."

शाहिस्तानं तिचा हात धरला.

"दिवाळीनंतर खिडकीतनं हाक यायला लागली. रोज दुपारी, आक्का, आक्का. तिचाच आवाज. पाण्यात गेलेल्या पोरी आसरा हुतात म्हणतात न्हाय का? म्हणली, मला हितं बारीक बांगड्या घालतात. मला माझ्या मापाच्या दे, मग येते तुझ्यासंगं. मंगळवारी उतरले. नुसता हात घातला तर दगड आपूआप तळहातावर आला." तिचा आवाज कोरडा होता. डोळ्यांत थेंब नव्हता, आणि बाकी सगळी ती भिजलेली होती. "म्या तिला परत पाण्यात टाकू? तू टाकली असतीस?"

"ती तुळजा न्हाय."

"आवाज तिचा हाय."

"आवाज कुणाचाबी काढता येतो. हात काढता येत न्हाय." शाहिस्तानं तीन बांगड्या चादरीवर ठेवल्या. "ह्या दोनच्या. तुळजाच्या मापाच्या. पायऱ्यांवर गळून पडल्या हुत्या. तुळजाच्या हातातनं गळल्या असत्या का? पेटीत जी बसलीय तिचा हात पावणेदोनचा हाय. माझ्या अब्बांच्या पणजोबांपासनं हाय. तेव्हा तुमची तुळजा कुठं हुती, नंदे?"

राजनंदिनीनं बांगड्यांकडं बघितलं. "मेल्यावर हात बारीक हुत असंल," ती पुटपुटली.

"मग तूच बघ. खाली चल, तिच्या जागेवर तुझ्या हातानं माप घे. बसली तर मी काय बोलणार न्हाय. ने तिला जळकोटला."

पेटीच्या आतून कुणीतरी पत्र्यावर टकटक केलं, फार हळू. मग लाडिक आवाज आला. "आक्का, तिचं नको ऐकू. बारा वाजू दे."

६

दगड राजनंदिनीनं दोन्ही हातांत धरला होता आणि शाहिस्तानं राजनंदिनीला. वरच्या पायरीवर इरम्मा बसली होती, तोंडानं काहीतरी कानडीत पुटपुटत. तिनं फक्त एवढंच सांगितलं, "मागं बघायचं न्हाय. पाण्याकडं तर बघायचंच न्हाय."

ऊन डोक्यावर होतं, तरी विसाव्या पायरीपासून थंडी सुरू झाली. पाणी वर चढलं होतं. कोनाड्यापर्यंत जाताना ते दोघींच्या घोट्यांना लागलं आणि शाहिस्ताच्या पायाला काहीतरी मऊ, लांब, गुंडाळल्यासारखं झालं. तिनं खाली बघितलं नाही. डोळ्याच्या कडेला मात्र दिसलंच. पाण्यावर सहा ठिकाणी केस पसरले होते आणि ते हळूहळू जवळ येत होते.

"ठेव," ती म्हणाली.

राजनंदिनीनं अंगठा मुडपून हात भोकात घातला. दगड आत टेकल्याचा आवाज झाला. मग ती किंचाळली.

"धरलंय. मला धरलंय तिनं."

"ओढ. हळू ओढ बाहेर."

हात बाहेर आला. त्याच्या मनगटाला धरून दुसरा हात आला. लहान, पांढराफटक, नखांत शेवाळ. कोपरापर्यंत आला आणि थांबला. पलीकडं अंधार होता. अंधारातून तुळजाच्या आवाजात रडणं आलं. "आक्का, मला घरी ने. आक्का, इथं लई गार हाय."

राजनंदिनीचा चेहरा बघवेना. मागं पाणी हललं. शाहिस्ताच्या मानेवर गार थेंब पडला, मग दुसरा, कुणी अगदी जवळ येऊन वाकल्यासारखे. काय करावं ते कळेना, तेव्हा तिनं जे येत होतं ते केलं. दुकानात रोज शंभर वेळा म्हणायची ते म्हणाली.

"हात मऊ ठेव गं बाई. मऊ ठेव. काकणं भरायची न्हाय का?"

लहान बोटं थबकली. मग, सगळ्या पोरींची सुटते तशी, मूठ सुटली. हात पालथा होऊन पुढं आला, बांगड्यांची वाट बघत.

"नंदे, माप घे."

राजनंदिनीनं खांद्यावरच्या पर्समधली लाल बांगडी काढली. तिचे दात वाजत होते. एका हातानं तिनं ती इवली बोटं धरली आणि दुसऱ्या हातानं बांगडी पुढं केली. ती बोटांच्या पेरांना लागली नाही. अंगठ्याला लागली नाही. कुठंही न अडता मनगटापर्यंत गेली, आणि हात जरा खाली होताच तशीच परत येऊन राजनंदिनीच्या तळहातावर पडली.

"हिला आत सरकवायला म्या साबण लावायचे," राजनंदिनी म्हणाली. कुणाशी बोलत होती कोण जाणे. "रोज रडायची. लई घट्ट बसायची."

"आक्का," अंधार म्हणाला, "सोडू नको."

राजनंदिनीनं सोडलं नाही. तिनं तो हात घट्ट धरला, अंगठा आत मुडपला आणि पंजा दाबून शाहिस्तापुढं केला. शाहिस्तानं पहिली पावणेदोनची चढवली. आतून हिसका बसला. दुसरी चढवली, तेव्हा आवाज बदलला. तो तुळजाचा राहिला नाही, लेकराचाही राहिला नाही, आणि तो काय म्हणाला ते दोघींनी नंतर कधी एकमेकींना सांगितलं नाही. तिसरी बोटांच्या पेरांवर अडली. राजनंदिनीनं ओठ चावून आणखी दाबलं. बांगडी मनगटावर जाऊन बसली.

हात मऊ पडला. खोल, झोपाळलेला उसासा आला आणि तो भोकात परत गेला. मानेवरचे थेंब थांबले. घोट्याभोवतीचं पाणी एकेक पायरी सोडत खाली उतरायला लागलं.

वरून इरम्माची हाक आली. बारवेनं ती सात वेळा परत दिली.

दोघी वर येऊन उन्हात बसल्या. बसल्या बसल्या राजनंदिनीचे केस वाळले, टोकांकडून मुळांकडं, आणि वाऱ्यानं तोंडावर यायला लागले. शाहिस्ताला आनंद झाला, सरळ सरळ आनंद, आणि तिनं मैत्रिणीला मिठी मारली. मिठीतली पोर मात्र लाकडासारखी ताठ होती.

"मग माझी तुळजा कुठाय?" राजनंदिनीनं विचारलं.

गल्लीतलं सगळं हरवलेलं शोधून देणाऱ्या शाहिस्ताजवळ ह्याचंही उत्तर होतं. "कुठंच न्हाय, नंदे. ती गेली."

राजनंदिनीनं फोन मागितला आणि घरी लावला. आईनं उचलला. पलीकडं रानातला वारा ऐकू येत होता.

"आई, त्या दिवशी म्या तळ्यापशीच हुते," ती म्हणाली. "घरात हुते म्हणून तुला खोटं सांगितलं. तिनं हाक मारली हुती. म्या म्हणले, थांब, एवढं पान हुंदे. म्या पुस्तक वाचत बसले हुते, आई."



"मला ठावं हाय, बाय," आई म्हणाली. "तळ्याच्या काठावरनं तुझं पुस्तक म्याच उचललं, कुणाच्या नजरंला पडायच्या आत. तू आजारी हायेस म्हणं. जेवलीस का न्हाय?"

राजनंदिनीनं फोन कानाला तसाच दाबून धरला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रडायला लागली. आई पलीकडून काहीबाही विचारत राहिली, डब्याचं, थंडीचं, गावाकडं कधी येतेस त्याचं.